नाळेच्या रक्ताची साक्ष

एखाद्या माणसाचा पाय आपल्या गांवांतून निघतां निघत नाहीं, तेव्हां ‘येथें काय त्याची नाळ पुरली आहे?’ असें आपल्याकडे सहज विचारतात. मूल जन्मलें कीं नाळ कापावयाची, वार पडली कीं ती पुरावयाची, आणि मग त्या दोहोंचा विचार पुन्हां करावयाचा नाहीं, ही आपली पिढीजात रीत. नऊ महिने ज्या वाटेनें बाळास अन्न आणि प्राणवायु मिळाला, ती वाट त्याच्या पहिल्या रडण्याबरोबर निरुपयोगी होते, असाच सर्वांचा समज असे. परंतु वैद्यकशास्त्रानें असें दाखवून दिलें आहे कीं, कापलेल्या नाळेंत जें थोडें रक्त राहतें तें मुकें नसतें. जन्मापूर्वींच्या शेवटच्या घटकांत बाळावर काय प्रसंग गुदरला याची तें साक्ष देतें. ही साक्ष कशी घेतात, तिचा अर्थ कसा लावतात, आणि बाळाचें गर्भांतील वय ठाऊक नसल्यास ती कशी फसवी ठरते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. या विवेचनांत ब्रह्मपुरीचा आणि वैनगंगेपलीकडच्या झाडीपट्टीचा उल्लेख वारंवार येईल. कारण नवजात बाळांच्या बाबतींत त्या रानाकडच्या मुलखानें जो धडा दिला आहे, तो शहरांतील सुशिक्षित कुटुंबांसही घेण्याजोगा आहे.

प्रथम नाळेची रचना पाहूं. नाळ हा नुसता दोर नव्हे. ती तीन नळ्यांची वेणी आहे. तिच्यांत दोन धमन्या व एक नीला असते. नीलेंतून वारेकडचें ताजें, प्राणवायूनें भरलेलें रक्त बाळाकडे येतें, आणि धमन्यांतून बाळाच्या शरीरांत फिरून झालेलें रक्त वारेकडे परत जातें. म्हणून बाळाची खरी हकीकत पाहिजे असेल तर धमनींतील रक्त तपासावें लागतें. नीलेंतील रक्त बाळापेक्षां वारेचीच हकीकत अधिक सांगतें. पाटांतून शेतांत सोडलेल्या पाण्यावरून शेताचा कस समजत नाहीं. शेतांतून निथळून आलेल्या पाण्यावरून तो समजतो. त्यांतलाच हा प्रकार.

या रक्तांत वैद्य जो पदार्थ शोधतात तो म्हणजे दुग्धाम्ल. शेले नांवाच्या स्वीडनमधील रसायनज्ञानें इ. स. १७८० मध्यें तें आंबलेल्या दुधांतून प्रथम वेगळें काढलें, म्हणून त्यास हें नांव पडलें. रक्तांत तें ज्या रूपानें असतें त्यास लॅक्टेट म्हणतात, आणि रुग्णालयाच्या कागदावर तेंच नांव लिहिलेलें असतें. आतां दह्यांतील आंबटपणा जन्मणाऱ्या बाळाच्या रक्तांत कोठून आला, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचें उत्तर आपल्या जुन्या स्वयंपाकघरांत सांपडतें. चुलींत वारा पुरेसा खेळला कीं लांकूड स्वच्छ जळतें. वारा कोंडला कीं आंच थोडी आणि धूर फार. शरीरांतील पेशी साखर जाळून शक्ति मिळवितात. प्राणवायु भरपूर असला तर साखरेच्या एका कणापासून शक्तीचे सुमारें तीस भाग हातीं लागतात. प्राणवायु न मिळाला तर अवघ्या दोन भागांवर समाधान मानावें लागतें, आणि मागें हें दुग्धाम्ल उरतें. दुग्धाम्ल म्हणजे कोंडलेल्या चुलीचा धूरच म्हणा.

प्रसूतीच्या वेळीं प्रत्येक कळेबरोबर गर्भाशय आवळलें जातें, आणि तेवढ्यापुरता वारेकडील रक्ताचा ओघ मंदावतो. कळ ओसरली कीं ओघ पूर्ववत् होतो. म्हणजे निरोगी मातेच्या निरोगी बाळासही जन्म घेतांना काही क्षण श्वास रोखून धरल्यासारखें राहावें लागतें. शिवाय वार स्वतःही थोडें लॅक्टेट तयार करते, आणि बाळ तें इंधन म्हणून वापरतें. तेव्हां नाळेच्या रक्तांत लॅक्टेट सांपडणें हा रोग नव्हे, आणि लॅक्टेट हें विषही नव्हे. तें केवळ पाऊल उमटलेलें आहे. पाऊल खोल उमटलें असेल तर ओझें जड होतें असा तर्क करावयाचा. नाळ दाबली गेली, वार वेळेपूर्वीं सुटली, किंवा प्रसूति फार लांबली, तर चुलीस वारा मिळत नाहीं आणि धूर सांचत जातो.

हें मोजण्याची रीत कठीण नाहीं. नाळेचा एक तुकडा दोन्ही बाजूंनीं चिमट्यांनीं बंद करून घेतात, त्यांतील धमनींतून सुईनें रक्त काढतात, आणि त्याचे एक-दोन थेंब यंत्रावर घालतात. मधुमेही माणसें घरीं साखर तपासतात तशाच तळहातावर मावणाऱ्या यंत्रानेंही हें काम होतें, आणि उत्तर एका-दोन मिनिटांत मिळतें. रक्त तसेंच ठेवून दिलें तर मात्र त्यांतील तांबड्या पेशी साखर खात राहतात आणि लॅक्टेट आपोआप वाढतें. म्हणून तपासणींत दिरंगाई चालत नाहीं. साधारण प्रसूतींत हा आंकडा दर लिटरास सुमारें दोन ते सहा मिलिमोल इतका असतो. कळा सुरू होण्यापूर्वींच शस्त्रक्रिया करून बाळ बाहेर काढलें असेल तर तो कमी असतो, आणि प्रसूति लांबली असेल तर जास्त. तो आठ-दहाच्या पलीकडे गेला म्हणजे डॉक्टर सावध होतात आणि बाळावर अधिक लक्ष ठेवतात. तरीही असा आंकडा आलेलीं पुष्कळ बाळें पुढें अगदीं ठणठणीत निघतात, हें विसरतां कामा नये. साक्ष म्हणजे निकाल नव्हे.

आतां या विषयाचा गाभा पाहूं. ब्रह्मपुरी हें चंद्रपूर जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण. त्याच्या पूर्वेस वैनगंगा, आणि नदीपलीकडे गडचिरोली जिल्हा. जुन्या चंद्रपूर जिल्ह्यांतून तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वेगळा काढण्यांत आला. हा सर्व मुलूख धानाचा. येथील शेतकरी धानाचे दोन वर्ग करतो: हलकें धान आणि भारी धान. हे शब्द दाण्याच्या वजनावरून आलेले नाहींत; पीक किती दिवसांत पिकतें, त्यावरून आलेले आहेत. हलकें धान दिवाळीच्या सुमारास कापणीस येतें. भारी धान त्यानंतर. आतां समजा, एखादा परका मनुष्य दिवाळींत बांधीच्या धुऱ्यावर उभा राहिला आणि हिरवी लोंबी पाहून म्हणाला कीं, हें पीक बिघडलें. शेतकरी त्यास हंसेल आणि विचारील, “बाबा, हें धान हलकें कीं भारी, तें तरी आधीं विचारलेंत काय?” लोंबीचा रंग तोच, परंतु एका धानाच्या बाबतींत तो रोग आहे, आणि दुसऱ्याच्या बाबतींत तें आरोग्य आहे.

नाळेंतील लॅक्टेटचें नेमकें असेंच आहे. इ. स. २००८ मध्यें स्वीडनमधील संशोधकांनीं १७,८६७ नवजात बाळांच्या नाळेच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळून आलें कीं, गर्भाच्या चौतिसाव्या आठवड्यापासून पुढें, वय जसजसें वाढतें तसतसा लॅक्टेटचा आंकडाही पायरीपायरीनें चढत जातो. म्हणजे बेचाळिसाव्या आठवड्यांत जन्मलेल्या बाळाच्या रक्तांत जें प्रमाण स्वाभाविक समजावयाचें, तेंच पस्तिसाव्या आठवड्याच्या बाळांत आढळलें तर तें संकटाचें चिन्ह असूं शकतें. असें कां व्हावें, याचीं कारणें एकाहून अधिक आहेत. शेवटच्या आठवड्यांत बाळाच्या यकृतांत साखरेचा सांठा वाढत जातो. जाळावयास इंधन अधिक, म्हणून धूरही अधिक. शिवाय पूर्ण दिवस भरलेलें बाळ प्रसूतीच्या ताणास अधिक जोरानें उत्तर देतें. कारण कोणतेंही असो, सिद्धान्त एवढाच कीं, सर्व बाळांना एकच मोजपट्टी लावणें हा अन्याय आहे.

हा अन्याय दोन्ही बाजूंनीं घडतो. पूर्ण दिवसांच्या बाळाचा आंकडा थोडा चढलेला दिसला कीं घरांतील मंडळी हवालदिल होतात, आईस दोष देतात, आणि वर्षभर त्या मुलाकडे संशयानें पाहतात; वास्तविक तेथें काळजीचें कारण नसतें. याच्या उलट, दिवस न भरलेल्या बाळाचा आंकडा लहान दिसला कीं सर्वजण निश्चिंत होतात. आणि ही निश्चिंतता पहिल्या भीतीपेक्षां अधिक घातक होय. कारण अशा बाळाच्या रक्तांत धूर नसला तरी त्याचीं फुप्फुसें कच्चीं असतात, अंगांत ऊब टिकत नाहीं, आणि साधारण चौतिसाव्या आठवड्यापूर्वीं चोखणें, गिळणें व श्वास घेणें यांचा मेळ त्यास नीट बसवितां येत नाहीं. नाळेचें रक्त जन्मापूर्वींची गोष्ट सांगतें. जन्मानंतर काय वाढून ठेवलें आहे, तें वय सांगतें.

अर्थात् वय ठाऊक पाहिजे. आणि येथेंच आपल्या समाजाचा हिशेब कच्चा राहतो. ‘नऊ महिने नऊ दिवस’ हें वचन सर्वांच्या तोंडीं आहे. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे चाळीस आठवडे मोजतात. इंग्रजी महिन्यांनीं मोजल्यास नऊ महिने नऊ दिवस म्हणजे सुमारें २८३ दिवस भरतात, आणि चांद्र मासांनीं मोजल्यास सुमारें २७५. म्हणजे दोन हिशेबांत आठवड्याहून अधिक अंतर पडतें. सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वीं जन्मलेलें बाळ अपुऱ्या दिवसांचें समजतात, आणि बेचाळीस आठवड्यांनंतर जन्मलेलें बाळ दिवस उलटलेलें. अशा शास्त्रांत एक आठवड्याची चूक लहान नव्हे. त्यांतच ‘सातव्या महिन्याचें मूल जगतें, आठव्याचें जगत नाहीं’ हा जुना समज अद्यापि पुष्कळ घरांत टिकून आहे. तो सर्वस्वीं चुकीचा आहे. बाळ पोटांत जितके दिवस अधिक राहील, तितकें पूर्ण दिवस भरेपर्यंत त्याचें बळ वाढतच जातें. आठव्या महिन्याचें मूल सातव्याच्या मुलाहून बळकटच असतें. या समजापायीं आठव्या महिन्यांत जन्मलेल्या बाळाची आशा घरच्यांनीं आधींच सोडून द्यावी, याहून मोठें दुर्दैव तें कोणतें?

झाडीपट्टींतील खेड्यांत तारीख लिहून ठेवण्याची संवय सर्वत्र नाहीं. म्हणून तेथें स्त्रीला प्रश्न निराळ्या रीतीनें विचारावा लागतो. शेवटची पाळी आली तेव्हां रोवणी चालू होती काय? पोळा झाला होता काय? मंडई भरावयाची होती कीं उठून गेली होती? शेताचीं कामें आणि सण हेंच तेथील पंचांग, आणि चतुर परिचारिका त्याच पंचांगावरून आठवडे काढते. पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी हें वय सर्वांत अचूक सांगते. पुढें जसजसा उशीर होतो तसतसा तिचा अंदाजही ढिला पडतो. हा हिशेब केवळ कागदासाठीं नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत दुर्गम गांवांतील गर्भवतींनीं प्रसूतीच्या आधीं कांहीं दिवस आरोग्यकेंद्राजवळ येऊन राहावें म्हणून ‘माहेरघर’ नांवाची व्यवस्था आहे. परंतु केव्हां निघावयाचें? भर पावसाळ्यांत पर्लकोटा नदीस पूर आला कीं भामरागडचा रस्ता बंद पडतो. तारीख चुकली तर माहेरघर रिकामें राहतें, आणि बाळ वाटेंत किंवा घरींच जन्मतें.

जेथें यंत्र नाहीं, तेथें काय करावयाचें, याचें उत्तरही याच मुलखानें दिलें आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ मध्यें गडचिरोलींत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठीं या संस्थेनें श्वास मोजण्याचें एक साधन बनविलें. त्यांत एक मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि तारेवर ओंवलेले मणी असतात. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू संपण्यापूर्वीं तांबडा मणी आला तर बाळ आजारी समजावयाचें. ज्या सुइणींस मोठे आंकडे मोजतां येत नव्हते त्यांनाही हें साधलें. या साधनांत मण्यांच्या ओळी दोन आहेत: दोन महिन्यांच्या आंतील बाळासाठीं साठ श्वासांची, आणि त्याहून मोठ्या मुलासाठीं पन्नासांची. आधीं वय, मग आंकडा! स्वीडनमधील प्रयोगशाळेनें नाळेच्या रक्तांत जो नियम शोधला, तोच नियम गडचिरोलीच्या सुईणीच्या हातांत मण्यांच्या रूपानें आधींच येऊन पोहोंचला होता.

पुढें १९९३ पासून या संस्थेनें एकुणचाळीस गांवांत नवजात बाळांची नीट नोंद ठेवण्यास आरंभ केला, आणि १९९५ पासून गांवांतीलच शिकविलेल्या स्त्रिया, ज्यांना ‘आरोग्यदूत’ म्हणतात, त्या घरोघर जाऊन बाळांची शुश्रूषा करूं लागल्या. जन्मतः न रडलेल्या, न श्वसलेल्या बाळास वारा देण्याची रीतही त्यांनीं आत्मसात् केली. प्रथम तोंडानें फुंकर, मग नळी व मुखवटा, आणि शेवटीं हातानें दाबावयाची पिशवी व मुखवटा, असा तो क्रम होता. आणि पिशवीची रीत सर्वांत गुणकारी ठरली. तीव्र गुदमर झालेल्या बाळांपैकीं पूर्वीं शेंकडा ३९ दगावत. तें प्रमाण शेंकडा २० वर आलें. अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकीं पूर्वीं शेंकडा ३३ दगावत. ऊब, आईचें दूध, स्वच्छता आणि वारंवार भेट एवढ्या साधनांनीं तें प्रमाण शेंकडा १० वर आलें. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचें प्रमाण या गांवांत दर हजारीं ६२ होतें. तें तिसऱ्या वर्षीं २६ च्या आसपास आलें. हा वृत्तान्त डिसेंबर १९९९ मध्यें ‘लॅन्सेट’ या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकांत छापून आला, आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघर नवजात शुश्रूषा करण्याची योजना भारत सरकारनें देशभर हातीं घेतली.

या आरोग्यदूतांपाशीं लॅक्टेट मोजण्याचें यंत्र नव्हतें. मग यंत्र व्यर्थ आहे काय? तसें मुळींच नाहीं. आतां महाराष्ट्रांत बहुतेक बाळंतपणें रुग्णालयांत होतात, आणि तेथें नाळेच्या रक्ताची तपासणी मोठ्या उपयोगाची आहे. बाळ जन्मतः मलूल कां होतें, गुदमर खराच झाला होता कीं कारण दुसरें होतें, त्यास अधिक सुसज्ज रुग्णालयांत हलवावें कीं आईच्या कुशींत ठेवावें, हे निर्णय त्या साक्षीनें सोपे होतात. परंतु कामाचा क्रम बदलतां येत नाहीं. जन्मानंतरचें पहिलें मिनिट श्वासाचें आहे, आंकड्याचें नाहीं. न रडणाऱ्या बाळास वारा द्यावयाचा सोडून कोणी रक्ताच्या थेंबामागें लागूं नये. तसेंच निरोगी बाळाची नाळ किमान मिनिटभर न कापतां ठेवावी, हा जो जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, तो केवळ रक्त काढण्याच्या घाईनें मोडूं नये.

श्रोत्यांच्या घरीं आज ना उद्यां पाळणा हालेल. त्या वेळीं तीन गोष्टी ध्यानांत असाव्यात. पहिली, शेवटच्या पाळीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्याच दिवशीं नोंदवावी, आणि पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी करून घ्यावी. दुसरी, रुग्णालयाच्या कागदावर लॅक्टेटचा आंकडा दिसला तर त्यावरून स्वतःच निकाल देऊं नये. डॉक्टरांना विचारावें कीं, रक्त धमनींतील होतें कीं नीलेंतील, आणि बाळाच्या आठवड्यांच्या मानानें हा आंकडा कसा आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बाळ अपुऱ्या दिवसांचें असेल तर आंकडा कितीही चांगला आला तरी ऊब, आईचें दूध आणि स्वच्छ हात यांत कसूर होऊं देऊं नये; आणि सातव्या-आठव्या महिन्याचा जुना धाक दाखवून कोणीही त्या आईचें धैर्य खचवूं नये. झाडीपट्टींतील अल्पशिक्षित स्त्रियांनीं ज्या साधनांवर तीं कोंवळीं बाळें वांचविलीं, तीं साधनें शहरांतील प्रत्येक घरीं आहेतच. तीं वापरण्याची दक्षता तेवढी पाहिजे.